उपचाराचे नाव ऐकण्याआधी निदान विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दातांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात ब्रश कसा धरावा हे हमखास असते. खुर्चीत आडवे झाल्यावर रुग्णाला जे ऐकावे लागते, त्याविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिते. ‘रूट कॅनाल करावे लागेल, वर कॅप’ एवढे ऐकून माणूस बाहेर पडतो आणि ओळखीपाळखीत विचारत सुटतो: करावे का, दुखते का, दुसरीकडे स्वस्तात होईल का. दाताला नेमके झाले काय, हे विचारायचे राहूनच जाते. दातांच्या दवाखान्यांत काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत ते त्या राहून गेलेल्या प्रश्नासाठी. चांगला दंतवैद्य ओळखायची खूणही आमच्या मते तिथेच सापडते.

दाताच्या बाहेरच्या कवचाला, म्हणजे इनॅमलला, संवेदना नसते. त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. त्याखाली डेंटीन. त्यात अतिसूक्ष्म नळ्या असतात. गार किंवा गोड लागल्याची कळ त्यांच्यातून आत जाते. सर्वांत आत पल्प, ज्याला सगळे ‘नस’ म्हणतात. त्यात मज्जातंतूंबरोबर रक्तवाहिन्याही असतात. हा पल्प चहूबाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला आहे. हाताला सूज आली तर कातडी ताणते, इथे ताणायला काहीच नाही. म्हणून आतला दाब वाढतो आणि ठणका असा लागतो की माणूस रात्री उठून बसतो. कीड कुठल्या थरापर्यंत गेली आहे आणि पल्प कोणत्या अवस्थेत आहे, या दोन गोष्टींवर किडलेल्या दाताचा जवळजवळ सगळा निर्णय ठरतो.

इनॅमलवर नुसता पांढरट, निस्तेज डाग असेल आणि पृष्ठभाग अखंड असेल तर ड्रिलला हात लावायचे कारण नाही. लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट, त्याला फ्लोराइडची जोड, एवढ्यावर असा डाग जागच्या जागी थांबू शकतो. तोंडातील आम्लता वाढून पीएच (तिचे माप, आम्लता वाढली की ते उतरते) साधारण ५.५ च्या खाली गेले की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात, आणि काही गोड खाल्ल्यावर लाळेला ती पूर्ववत करायला अर्धा तास तरी लागतो. त्यामुळे दिवसभरात गोड एकूण किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे जास्त महत्त्वाचे. मोठ्यांसाठी १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड असलेली पेस्ट, दिवसातून दोनदा; त्यातली एक वेळ झोपण्यापूर्वीची. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाकावा, खळखळून चुळा भरू नयेत, नाहीतर फ्लोराइड धुऊन जाते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. असा डाग दाखवून जो डॉक्टर ‘फ्लोराइड वार्निश लावू, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू’ म्हणतो, तो काम टाळतो आहे असे समजू नका.

दुखण्याची भाषा रुग्णाला नीट सांगता आली तर निम्मे निदान तिथेच होते. गार लागले, सणक गेली आणि काही सेकंदांत थांबली, तर पल्प बहुधा चिडलेला आहे पण वाचण्यासारखा आहे. गार किंवा गरम लागल्यावर कळ मिनिटभर किंवा त्याहून जास्त रेंगाळते, काही न लागताही दात ठणकतो, झोपेतून जाग येते, तर पल्प सावरण्याच्या पलीकडे गेल्याची शक्यता मोठी. मग एक दिवस दुखणे अचानक थांबते आणि रुग्ण ‘बरे वाटले’ म्हणून यायचा राहतो. बहुतेक वेळा दात बरा झालेला नसतो, पल्प मेलेला असतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याच दाताने चावताना दुखू लागते, हिरडीवर पुळी येते, तिच्यातून पू येऊन खारट चव लागते. कधी काहीच कळत नाही आणि मुळाच्या टोकाशी हाड मात्र झिजत राहते. चावताना दुखत नाही पण चावा सोडताना क्षणभर कळ येते, ही तडकलेल्या दाढेची खूण. एक्स-रेमध्ये अशी तडक बहुधा दिसत नाही.

कुठला दात दुखतो हेही रुग्णाला पुष्कळदा ठामपणे सांगता येत नाही. खालची दाढ किडलेली असते आणि दुखणे वरच्या दाढेत किंवा कानात जाणवते. सायनस सुजला तर त्याच बाजूच्या वरच्या सगळ्या दाढा जड होतात आणि वाकले की दुखणे वाढते. खालच्या जबड्यातले दुखणे चालल्यावर किंवा जिना चढल्यावर येत असेल आणि थांबल्यावर जात असेल तर ते हृदयाचे असू शकते. तिथे दातांचा दवाखाना शोधत बसू नये.

म्हणूनच पहिल्या भेटीकडे नीट पाहा. डॉक्टरांनी आधी तुम्हाला बोलू दिले का? आजार आणि औषधे विचारली का? दुखऱ्या दाताला आणि तुलनेसाठी शेजारच्या, समोरच्या निरोगी दातांना गार लावून पाहिले का? दातावर हलके ठोकून, हिरडी दाबून पाहिली का? मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, हिरडीच्या कडेने फिरवली का? निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर आत जाते. ४ च्या पुढे गेली आणि रक्त आले तर हिरडीचा आजार आहे, मग दात वरून कितीही पांढरे असोत. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि एकही महागडे यंत्र लागत नाही. तोंडातला कॅमेरा आणि भिंतीवरचा मोठा पडदा रुग्णाला समजावून सांगायला उपयोगी आहेत. पण मोठा करून दाखवलेला प्रत्येक काळा ठिपका कीड नसतो. दाढेच्या खाचांतले पुष्कळ तपकिरी डाग वर्षानुवर्षे तसेच राहतात.

एक्स-रेचे प्रकार रुग्णाला माहीत असलेले बरे. एका-दोन दातांची मुळाच्या टोकापर्यंतची छोटी फिल्म रूट कॅनाल आणि गळवासाठी. दोन दातांमधल्या फटीतली कीड शोधायला बाइटविंग; ही कीड आरशात बहुधा दिसत नाही. संपूर्ण जबड्याची ओपीजी अक्कलदाढा, गाठी आणि न उगवलेले दात बघायला चांगली, बारीक किडीसाठी तितकी नाही. सीबीसीटी हे त्रिमितीय चित्र इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून केलेला कृत्रिम दात), अडकलेली अक्कलदाढ किंवा न सापडणारे कॅनाल अशा ठरावीक कारणांसाठी. तपासणीचा भाग म्हणून सरसकट नव्हे. एका छोट्या फिल्मचे किरण काही मायक्रोसिव्हर्ट इतकेच असतात, तर निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात. गरज असेल तर गरोदरपणीही फिल्म काढता येते. आणखी एक लक्षात ठेवावे: एक्स-रेमध्ये कीड प्रत्यक्षापेक्षा उथळ दिसते, कारण बरेच खनिज गेल्याशिवाय फिल्मवर सावली उमटत नाही. ‘फिलिंग करायला घेतले आणि रूट कॅनालवर गेले’ अशी तक्रार होते, तिच्यामागे नेहमी लबाडी नसते. ही शक्यता आधी सांगितली होती का, एवढेच विचारावे.

आता फिलिंग. हल्ली दाताच्या रंगाचे कंपोझिट सर्वत्र वापरले जाते. ते अतिशय चांगले आहे, पण ओलाव्याचे वैरी आहे. कीड काढल्यावर दातावर साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल १५ ते ३० सेकंद लावून धुतात, त्यावर चिकटवणारे द्रावण लावून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात, मग कंपोझिट सुमारे २ मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर पुन्हा प्रकाशाने कडक करतात. मध्येच लाळ किंवा रक्त लागले तर तिथली पकड सुटते, कड उघडी पडते आणि आतून पुन्हा कीड लागते. म्हणून रबर डॅम नावाचा रबराचा पडदा दाताभोवती लावतात. तो नसेल तर निदान कापूस बदलत राहणे आणि लाळ ओढणारी नळी तरी नीट हवी. कंपोझिट कडक होताना किंचित आकसते. सगळे एकाच वेळी कोंबले तर ते भिंतींना ओढते आणि फिलिंगनंतर दात शिवशिवत राहतो. दोन दातांमधला खड्डा भरताना बारीक पट्टी आणि पाचर लावून शेजारच्या दाताशी घट्ट संपर्क साधावा लागतो. तो ढिला राहिला की तिथे घास अडकू लागतो आणि हिरडी सुजते. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंचवटा शोधतात. भूल असताना रुग्णाला उंचवटा कळत नाही, म्हणून घरी गेल्यावर दात आधी टेकतो असे वाटले तर दोन दिवसांत परत जावे. पाच मिनिटांचे काम असते, पण दुर्लक्ष केले तर दात ठणकायला लागतो. फिलिंगनंतर गार लागणे दोन-तीन आठवडे चालू शकते. दिवसेंदिवस कमी होत असेल तर चिंता नको.

जुन्या चांदीच्या, म्हणजे अमाल्गमच्या, फिलिंगमध्ये वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि त्यानंतर त्याचा वापर जगभर कमी होत आहे. त्यामागे पर्यावरणाचे कारण मोठे आहे. पण तोंडात शाबूत असलेले जुने फिलिंग ‘विषारी’ म्हणून उकरून काढायला सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावे. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते, आणि सोबत चांगला दातही थोडा जातो. ग्लास आयोनोमर हे तिसरे साहित्य: दाताला रासायनिक रीतीने चिकटते, फ्लोराइड सोडते, ओलाव्यात तग धरते, पण चावण्याच्या जागी लवकर झिजते. दुधाचे दात, हिरडीलगतचे खड्डे आणि तात्पुरते काम ही त्याची जागा.

कीड पल्पच्या अगदी जवळ असेल आणि पल्प जिवंत असेल, तर तळाची थोडी मऊ झालेली डेंटीन मुद्दाम ठेवून, वरून घट्ट फिलिंग करणे ही आज मान्य झालेली पद्धत आहे. कडेने स्वच्छ, तळाशी हात आखडता. खालच्या जंतूंना बाहेरून अन्न मिळाले नाही की कीड थांबते. पल्प उघडा पडलाच तर काही वेळा फक्त वरचा सुजलेला भाग काढून, उरलेल्यावर कॅल्शियम सिलिकेटचे सिमेंट ठेवून तो वाचवता येतो. त्यामुळे ‘खोल कीड’ ऐकल्यावर लगेच रूट कॅनालला मान डोलावण्याआधी ‘पल्प जिवंत आहे का, तो वाचवता येईल का’ हे दोन प्रश्न विचारावेत.

रूट कॅनालविषयी गैरसमज सर्वांत जास्त. यात दात मारत नाहीत. मेलेला किंवा मरायला टेकलेला पल्प काढून मुळातल्या नळ्या जंतुमुक्त करून बंद करतात. क्रम असा: भूल, रबर डॅम, दाताच्या माथ्यातून वाट, नळ्यांची तोंडे शोधणे, एपेक्स लोकेटर या विद्युत उपकरणाने आणि फिल्मने प्रत्येक नळीची लांबी ठरवणे, निकेल-टायटॅनियमच्या लवचिक फाइलने (बारीक कानशीने) नळी रुंद करणे, आणि या सगळ्याबरोबर सोडियम हायपोक्लोराइटने पुन्हा पुन्हा धुणे. फाइल फक्त वाट करते, जंतू मारण्याचे खरे काम धुण्याचे आहे, कारण नळीला फाटे असतात आणि त्यांत फाइल शिरत नाही. शेवटी गटापर्चा हे रबरासारखे द्रव्य आणि सीलर भरून, मुळाच्या टोकापर्यंतची फिल्म काढतात. त्या फिल्ममध्ये भराव टोकाच्या साधारण २ मिलिमीटरच्या आत, मध्ये पोकळी न राहता आणि टोकाबाहेर न सांडता दिसला पाहिजे. ती फिल्म मागून घ्या. रुग्णाकडे राहिलेला हा एकमेव पुरावा असतो.

चुकते कुठे? वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या बाहेरच्या मुळात पुष्कळदा दुसरी नळी असते. ती सापडली नाही तर उपचार ‘पूर्ण’ होऊनही दुखणे राहते. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, कधी चार. वाकड्या नळीत फाइलचा तुकडा मोडू शकतो. असे झाले तर लपवण्यासारखे काही नाही. नळी आधी किती स्वच्छ झाली होती त्यावर पुढचे ठरते. पण रुग्णाला सांगितले गेलेच पाहिजे. खालच्या दाढेत ठणका जोरात असताना भूल नीट चढत नाही, हे खरे आहे. सुजलेला पल्प भुलीला दाद देत नाही. अशा वेळी आणखी इंजेक्शने, दाताच्या मुळाशी किंवा थेट पल्पमध्ये, देता येतात. ‘सहन करा’ हे उत्तर नव्हे. एका बैठकीत की तीन, यावर दर्जा ठरत नाही. पू वाहत असेल तर मधे कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध ठेवून थांबणे शहाणपणाचे.

सर्वांत जास्त दात गमावले जातात ते रूट कॅनालनंतरच्या आळसाने. दुखणे थांबते, वर तात्पुरते सिमेंट असते, आणि माणूस कॅपला सहा महिने लावतो. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांसाठीच असते. ते झिजले की लाळ आत उतरते आणि सगळे काम वाया जाते, किंवा आतून पोखरलेली दाढ उभी चिरते. मुळापर्यंत उभी चीर गेली तर तो दात काढण्यावाचून इलाज नसतो. म्हणून दाढांना वरून झाकणारी कॅप लागतेच. पुढच्या दाताचा बराच भाग शाबूत असेल तर चांगले फिलिंग पुरते. खर्चाचा अंदाज घेताना रूट कॅनाल, कायमचे फिलिंग आणि कॅप तिन्ही मिळून लेखी मागा.

कॅपसाठी दात सर्व बाजूंनी १ ते २ मिलिमीटर घासावा लागतो, आणि घासलेला दात परत येत नाही. निरोगी पुढच्या दातांवर केवळ रंगासाठी कॅप बसवणे आम्हाला पटत नाही. ब्लीचिंग किंवा थोडेसे कंपोझिट आधी करून पाहता येते. कॅपच्या प्रकारांत झिरकोनिया भक्कम, धातूवरची सिरॅमिक जुनी आणि विश्वासाची, पण तिचा वरचा थर कधी टवका उडून जातो, लिथियम डायसिलिकेट पुढच्या दातांना देखणे. कायमची चिकटवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात: शेजारच्या दातांमधून धागा अडखळत पण जातो का, हिरडीशी कड उघडी आहे का, चावताना ती आधी टेकते का.

आता हिरड्या. दातांची सफाई केल्याने दात हलायला लागतात, फटी पडतात, इनॅमल घासले जाते अशी समजूत घराघरांत आहे. प्लाक हा जंतूंचा मऊ थर लाळेतील क्षारांनी काही दिवसांत कडक होऊ लागतो, ते कीटण. लाळग्रंथींची तोंडे जिथे उघडतात, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, ते जास्त साठते. अल्ट्रासॉनिक स्केलर सेकंदाला सुमारे २५ ते ४५ हजार कंपनांनी ते उडवतो. फट आधीचीच असते: कीटणाने आणि सुजलेल्या हिरडीने ती बुजलेली असते, सफाईनंतर उघडी दिसते. हलणारा दात हाड गेल्यामुळे हलतो. सफाईनंतर आठवडा-दोन आठवडे गार लागते, ते जाते. प्रोब ४ मिलिमीटरच्या पुढे जात असेल तर वरवरची सफाई पुरत नाही. भूल देऊन हिरडीखालची मुळे साफ करावी लागतात आणि सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा मोजून बघावे लागते. न मोजता ‘हिरड्यांचे लेझर’ सुचवले गेले तर आधी आकडे मागा. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून आजार झाकला जातो. आणि मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरडीचे दुखणे वाढते, हिरडी सुजलेली असेल तर साखरही आवरत नाही. ब्रश करताना रक्त येते म्हणून तिथे ब्रश लावायचा थांबवणे हा नेमका उलटा उपाय. दातांमधल्या फटीसाठी बाटलीच्या ब्रशसारखा छोटा इंटरडेंटल ब्रश फ्लॉसच्या धाग्यापेक्षा सोपा पडतो.

दात काढल्यावर कापूस २० ते ३० मिनिटे घट्ट चावून ठेवावा, पहिले २४ तास चूळ भरू नये, थुंकत राहू नये, तंबाखू ओढू नये. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच तिथले मलम. ती निघून गेली तर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका आणि दुर्गंधी सुरू होते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवली की आराम पडतो. अँटिबायोटिकचे ते काम नव्हे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. दातातून येणारे रक्त दाबून थांबवता येते, मेंदूत गेलेली गुठळी तशी थांबवता येत नाही. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असतील तर ते दात काढण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे, कारण जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांनी तेही सांगावे. सगळ्या अक्कलदाढा काढाव्या लागत नाहीत. वारंवार सूज, शेजारच्या दाताला कीड, गाठ अशी कारणे हवीत. खालच्या अक्कलदाढेचे मूळ ओठाच्या संवेदनेच्या नसेजवळ असेल तर हा धोका आधी समजावून सांगायला हवा.

गेलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट, ब्रिज किंवा काढ-घाल करायची कवळी. टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव होतो हे स्वीडनमधील संशोधक ब्रेनेमार्क यांच्या कामातून पुढे आले; १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केले. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. ब्रिजसाठी शेजारचे दात घासावे लागतात. आणि सर्वांत मागची एखादी दाढ गेली तर काहीच न बसवणे हाही कित्येकदा योग्य पर्याय असतो. तो कोणी सहसा सुचवत नाही.

अँटिबायोटिकविषयी वेगळे सांगायला हवे. ठणकणाऱ्या पल्पवर त्याचा उपयोग होत नाही, आणि मेलेल्या पल्पमध्ये रक्तच जात नसल्याने ते तिथे पोचतही नाही. पू बाहेर काढणे हा उपचार. ताप, पसरणारी सूज असेल तर जोडीला औषध. गिळता येत नाही, जीभ वर उचलली गेली आहे, तोंड उघडत नाही, श्वासाला त्रास होतो किंवा सूज डोळ्यापर्यंत आली आहे, तर वेळ कोणतीही असो, थेट मोठे रुग्णालय गाठावे. तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण, लाल किंवा पांढरा चट्टा, न दुखणारा असला तरी दाखवावा.

डॉक्टर निवडताना नोंदणी क्रमांक पाहा. दंतवैद्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा बहुतेक ठिकाणी असते. नेहमीचे काम सामान्य दंतवैद्य उत्तम करतात. गुंतागुंतीच्या रूट कॅनालला एंडोडॉन्टिस्ट, हिरडीला पेरिओडॉन्टिस्ट, अवघड दाढेला ओरल सर्जन. ‘हे माझ्याकडे नको, त्यांच्याकडे जा’ असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. खर्च परवडत नसेल तर दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. वेळ जास्त जातो, पण विद्यार्थ्याचे काम शिक्षक टप्प्याटप्प्यावर तपासतात. स्वच्छतेबाबत निःसंकोच विचारा. उपकरणे बंद पिशवीतून तुमच्यासमोर निघायला हवीत, पिशवीवरील खूण रंग बदललेली हवी. ऑटोक्लेव्ह या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात ती १३४ अंश सेल्सियसला किमान ३ मिनिटे किंवा १२१ अंशाला किमान १५ मिनिटे ठेवावी लागतात. ड्रिलचा हँडपीसही प्रत्येक रुग्णानंतर यात गेला पाहिजे, नुसता पुसून चालत नाही. ‘आजच केले तर सवलत’, न दुखणाऱ्या आठ-दहा दातांची एकदम यादी, एक्स-रेशिवाय रूट कॅनालचा निर्णय, यांपैकी काही दिसले तर फिल्म घेऊन दुसरा सल्ला घ्यावा. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

कागदावर दाताचा क्रमांक लिहून मागावा. पहिला अंक तोंडाच्या चार भागांपैकी कोणता ते सांगतो (१ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा), दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. म्हणजे ३६ ही खालची डावी पहिली दाढ. दुधाच्या दातांना पहिला अंक ५ ते ८. क्रमांक, निदान, पर्याय, अंदाजे खर्च आणि काहीच न केल्यास काय होईल, एवढे एका पानावर मावते.

आपले,
दातांच्या दवाखान्यांत काम करणारे काही वाचक

ता. क. : पडून किंवा मार लागून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाकडून धरू नये, वरच्या पांढऱ्या भागाकडून धरावा. माती लागली असेल तर काही सेकंद दुधात किंवा पाण्यात हलवून घ्यावा, घासू नये, आणि लगेच खोबणीत बसवून रुमाल चावायला द्यावा. जमत नसेल तर दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा. कोरड्या कागदात गुंडाळला तर मुळावरच्या पेशी मरतात. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.